ऐकू आलं की दाब

२०१३च्या माघातली गोष्ट. आमगावची ओमेश्वरी धाकट्या भावाला, तिलकला घेऊन सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला आली. कुणी नसताना ज्यांना आवाज ऐकू येतात, त्यांच्या मेंदूचे फोटो काढण्याचं संशोधन तिथल्या एका स्कॅन सेंटरात चाललं होतं. फोटो काढायचा आणि दुपारी परत, इतकंच काम.

तिलक तीन वर्षं एक अक्षर बोलला नव्हता. त्याआधी हा पोरगा कॉलेजात भाषणं ठोकायचा! एके दिवशी धानाच्या शेतातून, बांधीवरून आला, "बाई, मले कोनीतरी काही इचारून राहिला," एवढं म्हणाला आणि ओठ मिटले ते मिटलेच. मोठ्या बहिणीला तो बाई म्हणायचा. औषधांनी झोप आली, तोंड मात्र उघडलं नाही. लोक म्हणत, नाटकं करतो. त्याच्या तोंडून पुन्हा एकदा 'बाई' ऐकावं, यासाठी ओमेश्वरीने दवाखान्यांचे उंबरे झिजवले होते.

खोली थंडगार होती, स्पिरिटचा वास दाटलेला. डॉक्टरीणबाईंनी तिलकच्या हातात बटन दिलं. "ऐकू आलं की दाब. बोलायचं नाही." तो मशीनच्या बोगद्यात सरकला आणि ते ठोकू लागलं. बंद दारावर कुणी हट्टाने थापा माराव्यात तसं.

काचेअलीकडे पडद्यावर मेंदूचा एक कोपरा लाल झाला.

"हा ऐकण्याचा भाग," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "बाहेर आवाज नाही, तरी त्याला खरंच ऐकू येतंय."

म्हणजे भाऊ नाटकी नव्हता! ओमेश्वरीचे डोळे भरून आले.

पण बटन दाबलं गेलं नाही. कोपरा पुन्हा पेटला, पुन्हा विझला. तिलकने बोटं ताठ पसरून बटनापासून दूर धरली होती.

"दाबलं नाही तर हाती काहीच लागणार नाही. तुम्ही सांगून पाहता?"

ओमेश्वरी माइकजवळ वाकली. "तिलक... दाब ना रे. कायले भेतोस? मी हाव ना इथं."

स्पीकरमधून हुंदक्यासारखं काहीतरी आलं. मग बटन वाजलं.

लाल कोपरा त्याच क्षणी विझला. तो पुन्हा पेटलाच नाही.

"मॅडम, मशीन तो बराबर चालू है," टेक्निशियन नंदलाल पुटपुटला.

तिलक बाहेर आला. शर्टाची गुंडी नीट लावली आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "बाई, चला."

ओमेश्वरी त्याच्या गळ्यात पडून रडली. हे मशीन बरं करत नाही, औषध सोडू नका, असं डॉक्टरीणबाई बजावत होत्या. तिच्या कानात फक्त 'बाई' घुमत होतं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये डबा जवळजवळ रिकामा होता. तो खिडकीकडे तोंड करून बसला.

"तीन वर्सं काऊन नाही बोललास रे?"

"कानात रोज इचारनं चाले, 'येऊ का?' काही बी बोललं असतं तं हो झालं असतं."

"अन् आता?"

"आता तुम्हीच म्हटलं ना, दाब. मंग त्यानं दाबलं."

ओमेश्वरीला आत्ता उमगलं. 'चला', 'तुम्ही'... सख्ख्या बहिणीला तिलक जन्मभर 'तू' म्हणत आला होता. आणि बटन दाबणारा 'तो' कोण? डब्यात ओल्या मातीचा वास आला.

"तिलक... कुठं हाय?"

शेजारी बसलेल्याने खिडकीची काच हळूच खाली ओढून बंद केली.

"बाहेर हाय. रडून राहिला. 'येऊ का', म्हणते." तो तिच्याकडे वळला. "आता मी बी बोलत नाही."

त्याने ओठ घट्ट मिटले. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. औषधं चालू आहेत. ओमेश्वरी रोज दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसते आणि रिकाम्या अंगणाला सांगत राहते, "ये रे... ये."