चष्म्याच्या दुकानावरचा ठिपका

मतदानाच्या दिवशी तिनं चष्म्याच्या दुकानाचं शटर वर केलं, तर पायरीवर सात माणसं रांग लावून उभी! सगळ्यांत पुढच्या काकूंनी मोबाइल थेट तिच्या नाकासमोर धरला.

"मतदान इथंच ना गं?"

यंदा नवी सोय झाली होती. मतदार क्रमांक पाठवला, की मोबाइलवर केंद्राचा नकाशा येई. त्यातला लाल ठिपका नेमका तिच्या दुकानावर बसला होता. केंद्र मात्र मागच्या गल्लीतल्या शाळेत! नऊ वाजेपर्यंत तिनं चाळीसेक जणांना वाट दाखवली. तिचं जुनं गिऱ्हाईक असलेले काठीवाले आजोबा मात्र, "आता पाय चालत नाहीत, पोरी," म्हणत घरीच परतले. ते तिला फार लागलं. तिनं तणतणतच मदत क्रमांकावर फोन केला.

अर्ध्या तासात स्कूटरवरून एक तरुण आला. विस्कटलेले केस, गळ्यात ओळखपत्र...

"तक्रार तुमचीच?"

"माझीच. कुणा शहाण्यानं लावलाय हा ठिपका?"

"मी," तो खाली बघत म्हणाला.

ती भांडायच्या तयारीत होती, पण समोरचा भांडेचना! त्यानं शाळेच्या फाटकाशी जाऊन ठिपका दुरुस्त केला. तरी आधीच नकाशा उघडलेली माणसं येतच राहिली, तेव्हा तो दुकानाबाहेर उभा राहून त्यांना वाट दाखवू लागला. उन्हात, डोक्यावर रुमालसुद्धा नाही. काठीवाल्या आजोबांची हकिकत ऐकल्यावर त्यानं लगेच विचारलं,

"पत्ता आहे त्यांचा?"

तिनं वहीतून शोधून दिला. तासाभरानं आजोबा स्कूटरवर त्याला घट्ट धरून आले आणि मतदान करून, शाई लागलेलं बोट तिला काचेतूनच दाखवून गेले. तिचा राग कुठल्या कुठे पळाला. दुपारी तिनं त्याला आपल्या डब्यातलं अर्धं जेवण दिलं. त्यानं आढेवेढे घेतले आणि सगळं फस्त केलं.

पाचनंतर गर्दी ओसरली. तो पायरीवर बसून कार्यालयाला झालेल्या चुकीबद्दल अहवाल पाठवत होता.

"यंत्रात बिघाड झाला, असं लिहा की. कुणाला कळणारे?" ती म्हणाली.

"बिघाड नव्हता. दोनशे चौदा केंद्रांवर मी स्वतः चालत गेलो. प्रत्येक फाटकाशी उभं राहून मोबाइलवर जागा नोंदवायचं बटण दाबलं. इथं तेवढं... लक्ष नव्हतं. तसंच लिहिलंय. नोकरी कदाचित जाईल."

"आणि लक्ष का नव्हतं, ते?"

"तो रकाना नव्हता."

"मला सांगा मग."

तो कानांपर्यंत लाल झाला. "त्या दिवशी या गल्लीतून शाळेकडे चाललो होतो. तुम्ही आरशासमोर एकामागून एक चष्मे लावून स्वतःलाच वेडावून दाखवत होता... मी थांबलो. हसू आलं. आणि बटण कधी दाबलं गेलं, कळलंच नाही."

तिला हसावं की ओरडावं कळेना. चाळीस माणसांची पायपीट, त्याची नोकरी टांगणीला, सगळं तिच्या माकडचेष्टांपायी! तरीही हा माणूस खोटं लिहीत नव्हता. आपल्याला तो आवडलाय, हे तिनं मनोमन कबूल करून टाकलं. घड्याळ बघितलं आणि ती दचकली.

"अगंबाई! दिवसभर लोकांना वाट दाखवली, माझंच मतदान राहिलं!"

"सहापर्यंत वेळ आहे," तो उठत म्हणाला. "मी... सोबत येऊ? नाही म्हणजे, रस्ता तुम्हाला माहीत आहे..."

"या ना." तिनं शटर खाली ओढलं. "दोन मिनिटांचा रस्ता आहे. पण आपण बागेला वळसा घालून जाऊ."