सशांची शिरगणती

डोमाजी आला तेव्हा देवकाबाई बोरं निवडत होत्या आणि त्यांचा भाचा जीवन सकाळच्या कोवळ्या उन्हात पेंगत होता. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. आता तलमडुगू गावात लोकांची गुपितं तपासत.

"बाई, उद्या मले कामावरून काढून राह्यले," अभयारण्याचा राखणदार डोमाजी म्हणाला. "मी कळवलं, शिकारीनं ससे संपले. साहेब म्हणते, मोजणीत दुप्पट झाले. म्हणून मी खोटारडा!"

"ससे मोजतात कसे?" जीवननं डोळे न उघडता विचारलं.

"आखलेल्या चौकोनातल्या लेंड्या मोजून. कचेरीतले कुलदीपबाबू मोजते."

तिघं जंगलात पोचले तेव्हा धुकं अजून सागाच्या पानांवर बसून होतं. जीवनला ठायी ठायी ससे दिसले. जवळ गेल्यावर ते दगड निघाले. चौकोनात मात्र लेंड्यांचा सडा होता. गवत गुडघाभर, शेंडे शाबूत. बाईंनी लेंड्यांतून चार तपकिरी बिया वेचल्या.

"बाभळीच्या," जीवन म्हणाला.

"आणि बाभूळ?"

त्यानं वर पाहिलं. साग, नुसता साग.

जंगलाबाहेर सखूबाई शेळ्यांना बाभळीच्या शेंगा घालत होती.

"गोठा तुम्ही झाडता?" बाईंनी विचारलं.

"मी काऊन झाडू? कुलदीपबाबू सोताच झाडून नेते. फुलझाडाले खत लागते म्हणे. लई साधा माणूस!"

साध्या माणसानं घरी बोलावून चहा पाजला. अंगणभर सिमेंट, तुळससुद्धा भिंतीवर रंगवलेली.

"ससे भरपूर आहेत, बाई. डोमाजीले दिसत नाही. वय झालं."

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांसमोर बाईंनी बिया ठेवल्या.

"ससे असते तर गवत उरलं नसतं. मग लेंड्या कुणाच्या? शेळी शेंगा खाते आणि रवंथ करताना बिया थुंकते. गोठा झाडला की लेंड्या आणि बिया एकत्र येतात. सागाच्या जंगलात या बिया तशाच आल्या. गोठा झाडतो कुलदीप, फुलझाडांसाठी. कुलदीप, सिमेंटात काय लावलंत?"

कुलदीप खाली बसला.

"मी गप्प राहावं म्हणून शिकारी आठवड्याला दोन ससे देत होते, बाई. वाटलं, ससे वाढतेच. जाळ्यात माद्याबी गेल्या, ते ध्यानात नाही आलं. आकडा पडला असता तर चौकशी लागली असती."

जीवन पूर्ण जागा झाला. "म्हणजे दुप्पट झालं ते..."

"सखूबाईंच्या शेळ्यांचं पोट," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मोजणीचा अहवाल मागे घेतला आणि डोमाजीला कामावर ठेवलं. तो काठी घेऊन रिकाम्या जंगलाची राखण करायला निघाला. पावलं अगदी हळू टाकत, जणू कुणाची झोप मोडेल.