नाल्याकडचा गाळा

उष्माघात, असं पोलिसांनी सांगितलं होतं. रेणुकाला ते पटत नव्हतं.

"अखेरच्या अंघोळीच्या वेळी मी आबांचे तळहात पाहिले," ती म्हणाली. "दोन्ही फोडांनी भरलेले. सावलीत बसलेल्या माणसाचे तळहात भाजतात का?"

जालन्यात खासगी तपासाचं काम करणाऱ्या साधनाताई उठल्या. त्यांनी गाडीची चावी त्यांच्या सहकाऱ्याच्या, राधेश्यामच्या, हातात ठेवली.

हसनाबादच्या बाजारामागे जागामालक ओमप्रकाशनं नाल्याकडे तोंड करून गाळे बांधले होते. वासामुळे भाडेकरू टिकत नसत. सर्वांत जास्त टिकले ते फवारणीचे पंप दुरुस्त करणारे भुजंगराव, रेणुकाचे आबा. आता नाला बुजवून तिथून मोठा रस्ता जाणार होता. मागची बाजू पुढची होणार होती, आणि आबा गाळा सोडत नव्हते. ते गेले. उद्या सकाळी नव्या बांधकामासाठी ही रांग पाडणार होते. काय कळायचं ते आजच कळणार होतं.

दुपारी साडेतीनला तिघं पोचले. शेजारचा सलूनवाला कडूबा बाहेर आला.

"अंगारकी होती, पोरी. गाळ्यांची सगळी लाईन राजूरच्या गणपतीला गेल्ती. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तं भुजंगमामाचं शटर खाली. कुलूप न्हाई. वर केलं, अन् मामा शटराशीच पडलेले."

"त्यांनी कुणाला फोन का नाही केला?" साधनाताईंनी विचारलं.

कडूबानं मान खाली घातली. "मालकानं लाईट तोडल्यापून मामाचा फोन माझ्याच दुकानात चार्जिंगला राह्यचा. निघताना ध्यानातच राह्यलं न्हाई. आतमधी वाजत राह्यला असल. समदे हिचेच फोन होते."

रेणुका नाल्याकडे बघत राहिली.

"गाळा उघडता?" साधनाताई कडूबाला म्हणाल्या.

कडूबानं बाहेरच्या खिळ्यावरचं गोणपाट पाण्याच्या ड्रममध्ये बुचकळलं, हाताला गुंडाळलं आणि शटर वर ढकललं.

"धूळ पुसताय का हो?" राधेश्यामनं विचारलं.

"साहेब, तुम्ही गाडीतच बसा," कडूबा हसला.

"त्या सकाळी हे गोणपाट कुठं होतं?" साधनाताई म्हणाल्या.

"हितंच, खिळ्यावर. मामाचंच हाय."

साधनाताईंनी आत नजर फिरवली आणि शटर पुन्हा खाली घ्यायला लावलं. राधेश्याम कडूबाकडे बघून कुजबुजला, "ताई, रस्ता आला तर यालाही हा शेजारचा गाळा हवाच असेल की."

तेवढ्यात ओमप्रकाश आला. "मॅडम, जल्दी आटपा. म्हातारा उन्हानं गेला, त्यात तपास कसला? त्या दिवशी चार वाजता मी इथंच होतो. बिलकुल ठीक होता. म्हणाला, शेठ, ऊन आत येऊन राह्यलंय, शटर ओढा. मीच ओढलं, या दोन हातांनी. कुलूप लावलं न्हाई."

साधनाताईंनी घड्याळ पाहिलं. "आता चारच वाजलेत. जरा वर करून दाखवा."

"त्यात काय?" ओमप्रकाशनं वाकून शटर धरलं आणि किंचाळून हात झटकले.



"पश्चिमेचं ऊन," साधनाताई म्हणाल्या. "इथं बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, चार वाजता हा पत्रा तवा होतो. तुम्ही नुसते भाड्याला यायचे, तेही सकाळी. त्या दिवशीही सकाळीच आलात. तेव्हा इथं सावली असते, लोखंड गार असतं. शटर ओढलंत आणि स्वतःचं कुलूप घातलंत."

"कुलूप कशावरून?" राधेश्यामनं विचारलं.

"भुजंगरावांच्या तळहातांवरून. शटर उघडत असतं तर ते त्यांनी उघडलं असतं. रोज गोणपाटाशिवाय हात न लावणारा माणूस तापलेल्या पत्र्यावर उघडे हात आपटत होता. कारण गोणपाट बाहेर होतं. ऐकायला लाईनीत कुणी नव्हतं, आणि फोन शेजारच्या बंद दुकानात. कुलूप काढलंत ते लोक परतायच्या आधी, रातोरात."

ओमप्रकाश पायरीवर बसला. "दोन घंटे कोंडला असता तर गाळा सोडल्याची सही केली असती. दुपारी उघडणारच होतो. पण राजूरला... दर्शनाची लाईन लई लांब होती."

"मधून निघून यायचं," रेणुका म्हणाली.

"निम्म्यात लाईन सोडून कसं यायचं?"

साधनाताईंनी ठाण्याला फोन लावला. ओमप्रकाश तळहातांवर फुंकर मारत होता. "पाणी द्या रे कुणी."

कडूबानं सवयीनं ओलं गोणपाट पुढं केलं. रेणुकानं ते मधेच घेतलं, झटकलं आणि बाहेरच्या खिळ्यावर परत अडकवलं.