पंख्याचं वाकडं पातं

ही घडलेली गोष्ट आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्याच्या बाबतीत ती घडली तो माझा सख्खा मामा आहे, आणि मामा थापा मारणाऱ्यातला नाही. भाजी बिघडली असेल तर तसं तोंडावर सांगतो आणि मामीची बोलणी खातो, इतका तो सरळ.

वार सोमवार. वेळ दुपारी अडीचची.

भर उन्हात, लख्ख उजेडात झालं हे सगळं. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

मामा जुन्या गाड्या दुरुस्त करतो. चाळीस वर्षं झाली. लोक त्याच्याकडे येतात ते त्याच्या कानासाठी. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग तो सांगतो, आतलं काय झिजलंय. मामी म्हणते, "याला इंजिनाच्या पोटातलं ऐकू येतं, पण मी दारातून हाक मारली की ठार बहिरा."

त्या सोमवारी एक दाताच्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. वय पन्नाशीच्या थोडं पुढे. गाडी त्यांच्याहून म्हातारी. राखाडी रंगाची, गोल बॉनेटची, चार दारांची. त्यांच्या वडिलांची. वडील वर्षापूर्वी गेले होते.

गाडी गल्लीच्या तोंडाशी होती तेव्हाच मामाला आवाज ऐकू आला. घर्रर्र... घर्रर्र... पत्र्यावर कोणी कानस घासतंय तसा.

"पंखा," मामा म्हणाला. त्या उतरल्यासुद्धा नव्हत्या.

"तेच सांगायला आले, मिस्त्री. आईला या गाडीतून एकदा फिरवून आणायचंय. ती ऐंशीची होतेय. पण या आवाजाने तिचं डोकं उठतं."

"वडील कसे सहन करायचे?"

"काय माहीत. आम्ही कितीदा म्हटलं, दुरुस्त करून घ्या. ऐकायचेच नाहीत. एकटेच फिरायचे. आईला तर त्यांनी या गाडीत कधी बसूच दिलं नाही."

मामाला ते विचित्र वाटलं. पण विचित्र माणसं जुन्या गाड्या पाळतात, हा त्याचा अनुभवच होता. शनिवारी गाडी न्या, असं त्याने सांगितलं आणि बाई रिक्षाने गेल्या.

सोमवार म्हणजे त्या गल्लीचा सुट्टीचा दिवस. काच कापणारा बंद, गाद्या शिवणारा बंद, पत्रे ठोकणारा बंद. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मामा तेवढा कामाला येतो, कारण सोमवारी त्याला नीट ऐकू येतं.

आता थोडं कामाचं सांगतो. अशा जुन्या गाडीत रेडिएटरमागे लोखंडी पात्यांचा पंखा असतो. रबरी पट्ट्याने इंजिनच त्याला फिरवतं. आवाज नक्की पंख्याचाच आहे का, हे बघायला मिस्त्री पट्टा काढतात आणि इंजिन मिनिटभर चालवतात. पंखा थांबलेला असतो. आवाज गेला, तर चोर सापडला.

मामाने पट्टा काढला. इंजिन चालू केलं.

घरघर बंद. इंजिन मऊ, एका लयीत चालू. मामा खूश झाला. स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याने कानाला लावली, डोळे मिटले.

आणि मग...

"बाबा, आलं का?"

लहान मुलीचा आवाज. दमलेला, झोपाळलेला. लांबच्या प्रवासात मुलं विचारतात ना, तसा.

मामाने डोळे उघडले. गल्लीत पाहिलं. कोणी नाही. गाडीखाली पाहिलं. मग आत पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

त्याने इंजिन बंद केलं, दोन घोट पाणी प्यायला आणि स्वतःलाच म्हणाला, ऊन लागलं तुला.

मग पंखा खोलला. पाती चार. तीन सरळ, एक वाकडं. नुसतं वाकडं असतं तर काही नव्हतं, लागतो मार कधी. पण हे पातं पकडीत धरून, मोजून वाकवलेलं होतं. इतकंच, की रेडिएटरला लागणार नाही आणि आवाज मात्र मरणाचा करेल. वर त्याला लोखंडाचा एक तुकडा रिव्हेट मारून बसवलेला. कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. कोणीतरी जीव ओतून हा बिघाड केला होता.

मामाच्या उस्तादाने त्याला एक नियम घालून दिला होता. झिजलेलं बदल, तुटलेलं जोड, पण कोणी मुद्दाम हाताने केलेला बिघाड दिसला तर मालकाला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नकोस. त्यामागे काहीतरी कारण असतं.

चाळीस वर्षं मामाने तो नियम पाळला.

त्या दिवशी मोडला. मालक तर वारला, विचारायचं कोणाला, असं त्याने मनाशी म्हटलं. बाईंना फोन करता आला असता. केला नाही. खरं कारण त्याने मला मान खाली घालून सांगितलं. "घमेंड, दुसरं काय. असं गोड इंजिन आणि त्याच्यावर हा कर्कश आवाज, मला ते बघवेना."

त्याने तुकडा उडवला. पातं ठोकून सरळ केलं. पंखा तोलून बसवला. चालत्या इंजिनावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला. पाणी हललं नाही.

इतकी शांत गाडी त्याने आयुष्यात केली नव्हती.

आणि त्या शांततेत...

"बाबा... आलं का?"

या वेळी मूठ कानाला नव्हती. आवाज इंजिनातून नव्हताच. मागच्या सीटवरून होता.

मामाने चावी फिरवली, शटर ओढलं आणि घरी निघून आला. जेवला नाही. मामीने विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय. हे एवढं एकच खोटं मी त्याच्या नावावर ऐकलंय.

कोणाला काय सांगणार? गाडीचं काम उत्तम झालं होतं.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाई आईला घेऊनच आल्या. आजी बारीकशा, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, पण डोकं एकदम ठिकाणावर. मामाला म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याने मला पन्नास वर्षं या गाडीपासून लांब ठेवलं. सवत असावी तशी." आणि हसल्या.

मामा बोलायला गेला, "आजी, मी काय म्हणतो..." पण त्या मागच्या सीटवर बसल्यासुद्धा.

"चालू करा ना, मिस्त्री," डॉक्टरीणबाई बॉनेटपाशी उभ्या होत्या. "ऐकू दे तरी तुमची करामत."

मामा पुढे बसला. चावी फिरवली. इंजिन लागलं. बाई बाहेरून म्हणाल्या, "वा! चालू आहे की बंद, कळतच नाही."

मामाचं लक्ष आरशात होतं. आरशात फक्त आजी.

एक क्षण गेला. दोन गेले.

"बाबा, आलं का?"

आजींचा चेहरा... मामा म्हणाला, तो मला सांगता येणार नाही. त्या घाबरल्या नाहीत. शेजारच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी हळूच मान वळवली, आणि म्हणाल्या, "बबडे?"

मामाने झटकन चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. आता आवाज बंद व्हायला हवा होता.

पण...

"आई, उतरू?"

"आजी, नको," मामा म्हणाला. "काही बोलू नका."

"हो गं सोन्या," आजी म्हणाल्या. "आलं. उतर."

आजी डावीकडे बसल्या होत्या. उजवीकडचं दार कधीचं गंजून गच्च बसलेलं. मामाने स्वतः दोनदा ओढून पाहिलं होतं, ढिम्म हललं नव्हतं.

ते दार आतून उघडलं. सावकाश, लहान हातांनी ढकलावं तसं. सीटची स्प्रिंग वाजली आणि दबलेली गादी वर आली.

बाई पुढून म्हणाल्या, "अरे वा, ते दारही सोडवलंत?" त्यांना बाकी काहीच ऐकू आलं नव्हतं.



आठ दिवसांनी डॉक्टरीणबाई गाडी घेऊन एकट्या आल्या. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"मिस्त्री, तो आवाज परत घाला."

"काय झालं?"

"गाडीचा आवाज गेला त्या दिवसापासून आई दिवसभर बोलत असते. दार लावून. आधी वाटलं, वयामुळे. पण ती मध्येच थांबते, मिस्त्री. दुसऱ्याचं ऐकून घेते, आणि मग उत्तर देते."

मामाने स्टूल पुढे सरकवलं. मग विचारलं, "बबडी कोण?"

बाई स्टुलावर बसल्या.

"माझी मोठी बहीण. पाच वर्षांची होती. ताप डोक्यात गेला. बाबा तिला याच गाडीतून इस्पितळात नेत होते. पोचेपर्यंत... मागच्या सीटवरच. आई बरोबर नव्हती. मी तिच्या पोटात होते, सातवा महिना होता."

मामाला आता कळलं, ते पातं कोणी वाकवलं होतं आणि कशासाठी. त्या माणसाला गाडी विकवत नव्हती आणि ऐकवतही नव्हतं.

त्याच दुपारी मामाने पातं पुन्हा पकडीत धरलं आणि होतं तसं वाकवलं. तुकडा शोधून रिव्हेट मारला. गाडी चालू केली. घर्रर्र... घर्रर्र... अगदी पहिल्यासारखी.

काही उपयोग झाला नाही. घरी आजींचं बोलणं चालूच होतं. मग त्याने पट्टा काढला, इंजिन मिनिटभर चालवून बंद केलं. शांततेत तासभर कान देऊन बसला. गाडीत कोणी नव्हतं. उतरून गेलेल्या माणसाला गाडीच्या आवाजाने काय फरक पडणार?

"गाडीत असतं तर काढलं असतं रे," मामा मला म्हणाला. "गाडीत काहीही असू दे, मी काढलं असतं."

बाईंनी विनवण्या केल्या म्हणून तो त्यांच्या घरी गेला. हातात काय न्यावं ते कळेना, म्हणून रिकाम्या हातानेच गेला. दुसरा मजला. स्वच्छ खोली, खिडकीत ऊन. आजी पलंगावर बसल्या होत्या. हातात कंगवा. समोर कोणी नव्हतं, पण कंगवा हवेत वरून खाली सावकाश येत होता. मध्येच अडकत होता. मग त्या बोटांनी गुंता सोडवत होत्या.

मामाला बघून त्या हसल्या. चेहऱ्यावर सुखच सुख होतं.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आणला. "एक काम होतं. ही बाई रोज येते."

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"कोण आहे, माहीत नाही हो. चांगल्या घरची दिसते. पण मला आई आई म्हणते आणि रडते. बबडी घाबरते तिला. तुम्ही सांगा ना, येऊ नका म्हणून."

"आजी," मामा म्हणाला, "ती मुलगी आहे तुमची. धाकटी."

आजींनी दुसरा हात स्वतःच्या पोटावर ठेवला. हलकेच, जपून.

"धाकटीला अजून दोन महिने आहेत," त्या म्हणाल्या.

 डॉक्टरीणबाई मामाकडे बघत राहिल्या. तो दुरुस्त करणारा माणूस होता ना. मामाने नजर वळवली. आयुष्यात इतकं लाचार कधी वाटलं नाही, असं तो म्हणतो.

 कंगवा थांबला होता.

आणि पलंगामागून, भिंतीच्या बाजूने...

"आई, गेली का ती?"

या वेळी डॉक्टरीणबाईंनाही ऐकू आलं.

मामा इथेच थांबतो. पुढचं सांगत नाही. मी एकदा खूप मागे लागलो, मग काय केलंस म्हणून. 

"काय करणार?" तो म्हणाला. "बाईंच्या हाताला धरलं, आणि दोघं बाहेर आलो. दार ओढून घेतलं."