वळणावर अडणारी गाडी

"या उन्हाळ्यात बाबा गेले. आता त्यांची गाडीही जाणार," दारात आलेली तरुणी म्हणाली.

भिंगवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. खासगी तपास हा त्यांचा धंदा. जवळ भिंग कधीच नसायचं, पण नाव पडलं ते पडलं. सोबतीला मास्तर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. दिसेल ते हुबेहूब टिपायचे आणि त्याचा अर्थ हमखास चुकवायचे.

गाडी दोन सीटची, चारही चाकांना ताकद देणारी महागडी स्पोर्ट्स कार. हल्ली हळू वळवताना हिसके देत होती. गॅरेजवाला म्हणाला, गिअरबॉक्स गेला. नवा घालायचा तर तिला राहतं घर गहाण टाकावं लागणार होतं.

"उद्या त्याच्या ओळखीचं गिऱ्हाईक येतंय. आहे तशी, भंगाराच्या भावात उचलणार. खरं काय ते मला आजच कळायला हवं."

"संशय कोणावर?"

ती घुटमळली. "दादा रोज म्हणतोय, विकून टाक. आणि तो एकदा घेऊन गेला, तेव्हापासूनच गाडी बिघडली."

गॅरेजवाल्याने तोंडभर हसून स्वागत केलं आणि एक पसरट भांडं पुढे केलं. काळं तेल, त्यात चमकणारा लोखंडाचा चुरा.

"परवाच गिअरबॉक्सचा बोल्ट काढून मी स्वतः उतरवलं हे. नवं तेल भरलं म्हणून जागची हलते तरी. आतले दाते खल्लास, साहेब!"

भिंगवाले गाडीखाली सरकले. बाहेर आले ते मातकट बोटं झाडत. "खालच्या बोल्टाभोवती चिखल सुकून दगड झालाय."

"आळशी लेकाचे," मास्तर कुजबुजले. "एवढी देखणी गाडी, पण कोणी पाणी मारलं नाही. पुढचे टायर बघा, रबराचे बारीक केस अजून शाबूत. मागचे बिचारे टक्कल पडल्यासारखे."

"मास्तर, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

"मग!" मास्तर खूश झाले.

दादा घरीच भेटला. प्रश्न ऐकताच उखडला.

"मी काय वाटोळं केलं गाडीचं? पुढच्या टायरात खिळा घुसला. म्हटलं, ही एकटी चालवणार, पुढचे दोन्ही नवेच घालू. चांगले भारीतले घातले."

"आणि जुने?"

"माळ्यावर आहेत. पंक्चर काढून ठेवलंय. बाबांचे होते, टाकवेनात."

"मग गाडी विका का म्हणता?"

त्याचा आवाज उतरला. "बाबांच्या गाडीपायी ही घर घालवून बसेल हो."

जिन्यातच मास्तरांनी निकाल दिला. "हाच तो! बिघाड यानेच केला."

"बिघाड यानेच केला, पण गुन्हा नाही. त्याला म्हणावं, जुने टायर घेऊन गॅरेजवर ये."

दुपारी सगळे गॅरेजमध्ये जमले.

"या गाडीत पुढची-मागची चाकं आतून एकमेकांना बांधलेली असतात," भिंगवाले म्हणाले. "मागचे टायर झिजून किंचित लहान झालेत, पुढचे कोरे, म्हणजे मोठे. दोन्ही जोड्यांचे फेरे जुळत नाहीत. आत ओढाताण होते आणि वळणावर हिसका बसतो. वेळेत कळलं म्हणून वाचली."

"मग तो चुरा?" तिने विचारलं.

"चुरा खरा, गाडी दुसरी. परवा बोल्टाला पाना लागला असता, तर त्यावर सुकलेला चिखल टिकला असता का?" ते गॅरेजवाल्याकडे वळले. "आता आमच्यासमोर उतरवा तेल."

बोल्टाभोवतीचा चिखल फुटून खाली पडला. तेल आलं ते जुनंच, पण चुऱ्याचा कणही नसलेलं. गॅरेजवाल्याचं हसू मावळलं. उद्याचं गिऱ्हाईक म्हणजे त्याचाच भागीदार, हे त्याने मान खाली घालून कबूल केलं.

ताजं तेल भरलं, जुने टायर चढले. तिने अंगणात हळूहळू गोल फेरी मारली. एकही हिसका नाही. दादाने तोंड फिरवून डोळे पुसले.

"म्हणजे माझ्या लाडानेच गाडी मोडत होती," तो म्हणाला.

"आणि मी तुला चोर ठरवत होते. फिटंफाट." तिने शेजारचं दार उघडलं. "बस."

"तुझ्या ड्रायव्हिंगची मला भीती वाटते."

"बाबांच्या शेजारी बरा बसायचास?"

"डोळे मिटून बसायचो."

"मग आजही मीट," ती म्हणाली.

गाडी फाटकाबाहेर वळली, तेव्हा दादाचे डोळे टक्क उघडे होते आणि तो रस्त्यातल्या सगळ्यांना हात हलवत होता.