बॉनेटखालची पिवळी खूण

पाऊस आला आणि मैदानातले सगळे शूर मर्द पळाले.

दर बुधवारी संध्याकाळी वुडवर्ड रस्त्यावरच्या हॉट डॉगच्या टपरीमागच्या मैदानात जुन्या गाड्या लागतात. गाडीमागे घडीची खुर्ची टाकून मालक बसतो आणि आपण आयुष्यात कुणाच्या बापाला घाबरलो नाही हे शेजारच्याला सांगतो. चार थेंब पडले की हेच लोक खुर्च्या डिकीत कोंबून सुसाट घराकडे सुटतात, का, तर क्रोमला पाणी लागेल. मीही सुटले असते. पण क्लच दाबला, खालून 'टक्' आवाज आला, आणि पेडल जे तळाला जाऊन बसलं ते वर आलंच नाही.

एकोणीसशे सत्तरची पॉन्टियाक जीटीओ. गडद हिरवी. माझ्या आईची. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या मैदानात दर बुधवारी एखादा पोट सुटलेला गृहस्थ मला विचारतोच – "वडिलांची का?" नाहीतर, "मिस्टर कुठायत?" मिस्टर नाहीत. वडील मी लहान असताना दुसऱ्या बाईबरोबर गेले, आणि जाताना ही गाडी मागत होते. आईने चावी पिठाच्या डब्यात लपवली होती. मला सांभाळायचं कोणी, यावर त्यांचं भांडण झाल्याचं मला आठवत नाही. गाडीवरून झालेलं आठवतं.

"ढकलायची का?"

मी काच खाली केली. एक माणूस उभा होता. नखशिखांत भिजलेला, केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर घाई म्हणून नाही. मी तोंड उघडलं – पट्ट्याचं बकल लागलं तर रंग खरवडेल, हे सुनवायला. पण त्याने पट्टा आधीच कमरेवर फिरवला होता. बकल कुशीला.

लोक डोळ्यांवर भाळतात, आवाजावर भाळतात. मी एका सरकवलेल्या बकलवर भाळले. हसायचं तर हसा.

"पळाला नाहीत तुम्ही?" मी विचारलं.

"माझी गाडी ट्रक आहे. तिला पावसाचं कौतुक नाही." तो वाकून खाली बघायला लागला. "तुम्ही का ओरडत होतात तिच्यावर?"

"मी ओरडत नव्हते."

"रस्त्यापलीकडे ऐकू आलं. म्हणूनच कळलं, मालकीण तुम्हीच. दुसऱ्याच्या गाडीला कुणी इतक्या मनापासून शिव्या देत नाही."

क्लचच्या दांडीची पिन तुटली होती. त्याने चिखलात पाठ टेकली, खिशातल्या किल्ल्यांची कडी काढली, दातात धरून सरळ केली आणि पिनेच्या जागी पिळून बसवली. उठला तेव्हा त्याच्या पाठीवर अर्धं मैदान होतं.

"घरापर्यंत जाल. हळू जा."

"आणि तुमची कडी?"

"तीच तर..." तो हसला. पाणी त्याच्या पापण्यांवरून ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "न्यायला यावंच लागेल मला."

*

त्याचं नाव इलियास ओरोस्को. फोर्कलिफ्टचे हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, दुरुस्त करायचा. त्याचे काका त्याच तंत्राने बटण दाबून गाड्या नाचवायचे – पुढची चाकं हवेत, मग मागची. शनिवारी तो कडी न्यायला आला तेव्हा मी हे ऐकलं आणि दारातच सांगितलं, "माझी गाडी बेडकासारखी उडवायची नाही."

"बेडूक हिरवाच असतो," तो गाडीकडे बघून म्हणाला.

पोर्चवरून आई हसली. आई हसते तेव्हा मला काळजी वाटते.

माझी आई, वेल्मा स्टॅम्पर. ज्या कारखान्यात ही गाडी बनली त्याच कारखान्यात ती तपासनीस होती. विशीतली पोर, केंटकीहून आलेली, हातात पिवळा मेणखडू. गाडी पुढ्यात आली की बॉनेटखाली बघायचं, सगळं जागेवर असेल तर इंजिनमागच्या पत्र्यावर खूण करायची – एक तिरकी रेघ, टोकाला गाठ. स्वतःच्या पगारातून तिने ही गाडी मागवली तेव्हा फोरमन म्हणाला, "बाई, ही चालवायला मांड्यांत जोर लागतो." आई म्हणाली, "मग तू घेऊच नकोस." आणि तिची गाडी लाइनवरून आली त्या दिवशी पोरांनी एकेक नट असा आवळला, जणू बहीण सासरी चाललीय, आणि खूण तिने स्वतः केली.

आता आईच्या डाव्या गुडघ्यात धातूची वाटी आहे. त्या क्लचला खरंच जोर लागतो. गेले दोन उन्हाळे तिने गाडी चालवलेली नाही. ऑगस्टात सगळं गाव जुन्या गाड्या घेऊन वुडवर्डवर उतरतं, तेव्हा मी तिला म्हणते, चल, मी चालवते. ती म्हणते, "या गाडीत मी कधी शेजारी बसले नाही, आता बसणार नाही." आणि घरात जाऊन टीव्ही मोठा करते, रस्त्यावरची इंजिनं ऐकू येऊ नयेत म्हणून.

इलियासने पेडल हाताने दाबून बघितलं. भुवया वर केल्या.

"दांडीची भानगडच काढून टाकू. तेलाच्या दाबावर चालवू. मिसेस स्टॅम्पर, चपलेच्या टोकाने दाबाल."

"नाही," मी म्हणाले.

"फक्त एक भोक पाडावं लागेल, इंजिनमागच्या पत्र्याला."

"भोक?"

त्याने माझं मूत्रपिंड मागितलं असतं तर मी विचार केला असता. या गाडीचा गंजलेला तळ मी स्वतः कापून वेल्डिंग केलाय. मूळ बोल्ट मिळावा म्हणून तीन राज्यांतली भंगारं पालथी घातलीत. मोठमोठे संग्राहक दिखाऊ ट्रेलरवर गाड्या मिरवतात, त्यांना तेल कुठे घालतात ते माहीत नसतं, आणि मला शिकवतात 'ओरिजिनल' म्हणजे काय. त्यांच्यापुढे माझ्याकडे एकच उत्तर होतं – या पत्र्याला कारखान्यानंतर कुणाचं ड्रिल लागलेलं नाही.

"गाडी माझी आहे," आई म्हणाली. "पण तिच्याखाली लोळते ही. भोकाचं हिला ठरवू दे."

"मग ठरलं. नाही."

"बरं," इलियास म्हणाला. साधी नवी पिन बसवली, कडी खिशात टाकली नाही – माझ्या तळहातावर ठेवली. वेडीवाकडी झालेली तार. "विचार बदलला तर कळवा. तोवर किल्ल्या सुट्या घेऊन फिरतो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये गेले तर गाडीत आई. चावी लावलेली नाही, गाडी बंद. तिने दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरला होता आणि पाय पेडलवर ढकलत होती. पेडल अर्ध्यात थांबलं. तिने परत ढकललं. ओठ आवळलेले, पण आवाज नाही.

मी तशीच मागे फिरले आणि त्याला फोन केला.

*

मग जुलै आला, आणि संध्याकाळी कामावरून सुटला की तो. कधी त्याच्या आईने दिलेले तमाले घेऊन, मक्याच्या पानात गुंडाळलेले, अजून गरम. माझी आई त्याला शिजवलेल्या लाल घेवड्याचा वाडगा आणि मक्याचा पाव द्यायची आणि खातो की नाही ते उभी राहून बघायची.

आम्ही दोघं गाडीखाली, मधे गिअरबॉक्स. मला त्याचा एक डोळा आणि अर्धं हसू दिसायचं.

"अर्ध्या इंचाचा पाना दे."

"शब्द आहे एक. 'प्लीज' म्हणतात त्याला."

"प्लीज, महाराणी. माझ्या छातीवर दोन मण लोखंड आहे."

"सोडून दे. मग कळेल, तुझं माझ्यावाचून किती अडतं ते."

"ते कळायला लोखंड पडायची गरज नाही," तो म्हणाला... आणि मग पाना मागायचं विसरला. मीही द्यायचं विसरले. वर पत्र्यावर पावसाची सर वाजत होती, आणि गिअरबॉक्सच्या पलीकडे एक डोळा माझ्याकडे बघत होता.

बाहेरून आई म्हणाली, "पान्यांचा आवाज बंद झालाय."

तिला बहिरी समजण्याची चूक आम्ही पुन्हा केली नाही.

*

भोक पाडायच्या दिवशी मी बोल्ट आणायला गेले. परत आले तर इंजिन बाहेर काढलेलं, आणि मागचा पत्रा आरशासारखा लखलखत होता. इलियास हातात फडकं घेऊन, कौतुकाची वाट बघत उभा.

वायरींच्या जुडग्यामागे, तेलाच्या काळ्या थराखाली जिथे पिवळी रेघ होती, तिथे काही नव्हतं.

"तू काय केलंस?"

"साफ केलं. तेलाच्या कामात एक कण आत गेला तरी... काय झालं?"

"आईची खूण होती तिथे."

त्याने फडक्याकडे पाहिलं. काळ्या तेलात पिवळसर डाग. त्याचा चेहरा पडला, पण मी थांबले नाही. मी कधी थांबत नाही. म्हणाले, पंचेचाळीस वर्षं पुरली ती खूण. माझा बाप गेला, कारखाना बंद पडला, ती नाही गेली, आणि तू अर्ध्या तासात पुसलीस. म्हणाले, पट्टा फिरवता येतो म्हणजे सगळं येतं असं नाही. नीघ इथून.

तो निघाला. हत्यारं मागे ठेवून. बाजू मांडली नाही, दार आपटलं नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

आईला सांगायची हिंमत मला होत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रक थांबला आणि तो माझ्याकडे न बघता पोर्चवर गेला, टोपी काढली आणि आईसमोर उभा राहिला.

"मिसेस स्टॅम्पर, बॉनेटखालची तुमची खूण मी पुसली. घाण समजून. ती परत आणता येणार नाही मला. हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं."

आई हसायला लागली. ठसका लागेपर्यंत हसली.

"म्हणून ही कालपासून सुतकी तोंड करून फिरतेय? अरे पोरा, अर्ध्या देशाच्या बॉनेटखाली माझी खूण आहे. हात दुखायचा माझा रात्री." ती माझ्याकडे वळली. "आणि तू? मी जिवंत बसलेय इथे, आणि तू फडक्यावरून रडतेस? खडू स्वयंपाकघरातल्या खणात आहे, रबर बँडांच्या खाली. हात मला आहे. मग गेलं काय?"

मी आत गेले, रबर बँडांखालून खडू काढला आणि तिच्यापुढे धरला.

"मग आत्ताच कर," मी म्हणाले.

"आत्ता? आत्ता काय तपासू, रिकामा पत्रा? काम पुरं करा. मग बघीन. न तपासता खूण मी कधी केली नाही."

गॅरेजमध्ये इलियासने ड्रिल उचललं, माप घेऊन ठिपका काढला, आणि ड्रिल माझ्या हातात दिलं.

"तू पाड."

"का?"

"ही तुमची आहे. आणि मी आधीच एक गोष्ट घालवलीय."

मी ठिपक्यावर टोक टेकवलं. त्याने हात लावला नाही, फक्त माझ्या मागे उभा राहिला, इतका जवळ की त्याचा श्वास मानेवर जाणवत होता. मी ड्रिल दाबलं. पत्र्याचा कीस कुरळा होऊन बाहेर आला, खालचं नवं कोरं लोखंड चमकलं... आणि जग बुडालं नाही.

"कालच्याबद्दल –" मी म्हणाले.

"खरं होतं ते."

"खरं होतंच. पण 'नीघ' म्हणाले ते खोटं होतं."

मानेवरचा श्वास हसला.

*

ऑगस्टात इंजिन परत बसलं. आई चष्मा लावून, काठी टेकत आली. बॉनेटखाली वाकली. बोट फिरवलं, वर धरलं. बोटाच्या टोकाला तेलाचा थेंब.

"गळतंय. नापास."

"एक थेंब आहे, मिसेस स्टॅम्पर –"

"फोरमनही हेच म्हणायचा."

आम्ही जोड उघडला, परत आवळला. ती परत आली. परत बोट फिरवलं. कोरडं. मग पेडल, चपलेच्या टोकाने. पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं आणि आई नुसती खाली-वर, खाली-वर करत राहिली. मग उतरली, खडू काढला, आणि नव्या भोकाशेजारी एक तिरकी रेघ मारली, टोकाला गाठ.

"पास," ती म्हणाली. "मागे बसा दोघं."

"मागे?"

"पुढची सीट माझ्या काठीची आहे."

जीटीओच्या मागच्या सीटवर दोन मोठी माणसं बसवायची तर गुडघे एकमेकांत गुंतवावे लागतात. आम्ही गुंतवले. आईने गिअर टाकला आणि वुडवर्डवर अशी शिरली की बाजूच्या गाडीतल्या म्हाताऱ्याने टोपी उचलली. दोन्ही कडेला माणसं, भाजलेल्या सॉसेजचा धूर, पेट्रोलचा वास, इंजिनांचा गडगडाट. आरशात आईचा चेहरा... फोरमनला उत्तर देणारी ती पोर अशीच दिसत असणार.

"माझी कडी परत दिली नाहीस अजून," इलियास कानाशी म्हणाला.

"देणार नाही."

"मग किल्ल्या कशाला अडकवू?"

"माझ्या किल्ल्यांना. एकाच कडीत मावतील." मी पुढच्या सीटवरच्या काठीकडे बघत बोलले. "एकाच घराच्या असल्या तर."

त्याने हात पुढे केला, मनगट वर करून. "आधी तपासून घे. इथे न तपासता खूण करत नाहीत म्हणे."

मी पुढच्या सीटवरून आईचा खडू उचलला आणि त्याच्या मनगटावर तिरकी रेघ मारली. मेण कातडीवर घसरत होतं. तिथली नाडी गाडीपेक्षा जोरात पळत होती.

"थोडी गळती आहे," मी म्हणाले. त्याचे डोळे भरले होते. "चालवून घेईन."

"गळती असताना पास?" आई पुढून म्हणाली. आमचा सिग्नल लाल होता. तिने क्लच दाबून धरला, त्याच डाव्या पायाने, सहज, आणि मागे हात केला. "आण इकडे तो हात. आणि तो खडू. गाठ राहिलीय."

तिने त्याचं मनगट धरलं, चष्म्यातून नीट बघितलं, आणि रेघेच्या टोकाला गाठ मारली.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. आईने खडू सावकाश खिशात टाकला, आरसा नीट केला, आणि मगच क्लच सोडला.