सरावाचं बाळ

बालअतिदक्षता विभागात तिला सगळे ‘क्लिकवाल्या मॅडम’ म्हणत आणि त्यात थट्टेइतकाच रागही असे. तीन वर्षांपूर्वी कागदी फायली जाऊन कॉम्प्युटर आला, तो तिच्याच हातून. एक औषध नोंदवायला सतरा क्लिक लागत. सिस्टरांच्या नाकी नऊ आले होते, हे तिलाही मान्य होतं.

मंगळवारी चार नंबरच्या मुलीला झटक्याचं औषध दिलं गेलं, पण त्याची नोंद चुकून तेरा नंबरवर झाली. चार नंबरचा रकाना रिकामा दिसला, म्हणून पुढच्या ड्युटीने तेच औषध पुन्हा दिलं. मुलगी थोडक्यात वाचली. तिची आई अजूनही खाटेचा कठडा धरून उभी होती. पुन्हा असं झालं तर एखादं मूल हकनाक जाईल, या विचाराने चार दिवस क्लिकवाल्या मॅडमच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तेरा नंबरची खाट मुळात नव्हतीच. विभागात खाटा बाराच. तेरा नंबर म्हणजे सिस्टरांना शिकवण्यासाठी तिने बनवलेला खोटा पेशंट. नाव ‘सराव’, वजन चार किलो, आईवडिलांची जागा कोरी. शिकवणं संपलं आणि तो काढायचा राहून गेला. आज दोनच्या ड्युटीबदलाआधी तेवढं एकच काम करायचं होतं.

तिने तेरा नंबर उघडला. वजन चौदा किलो दोनशे ग्रॅम.

मागच्या नोंदी पाहिल्या. दर रविवारी एक. चार किलो, चार दोनशे, चार साडेतीनशे. मध्येच दोन आठवडे वजन उतरलेलं, ताप येऊन गेल्यावर उतरतं तसं, आणि मग पुन्हा चढलेलं. नोंद कोणी केली त्या रकान्यात काहीच नव्हतं. तो रकाना कोरा ठेवून पुढे जाताच येत नाही. ती सक्ती तिनेच घातली होती.

तिने मोठ्या सिस्टरांना विचारलं. त्यांची सगळी नोकरी याच विभागात गेली होती.

“आमच्यापैकी कोणी नाही,” त्या म्हणाल्या. “खऱ्या मुलांचं भरता भरता जीव जातो, खोट्याचं कोण भरणार?” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “पुसू नका मात्र. डिस्चार्ज द्या.”

“फरक काय?”

“पाटीवरचं पुसतात, मॅडम. मुलाला घरी सोडतात.”

तिला हसू आलं. पण पुसायचं बटण दाबलंच जाईना. पेशंट खाटेवर असेल तर नोंद पुसता येत नाही, हाही नियम तिचाच. मग तिने ‘घरी सोडले’ निवडलं. कोणाच्या ताब्यात, हे भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. दोनला दहा कमी होते. तिने स्वतःचं नाव टाकलं. नातं? यादीत आई, वडील, इतर. ‘इतर’ निवडलं की आणखी चार रकाने उघडतात. सक्तीच्या रकान्यांत लोक काहीबाही भरून मोकळे होतात, यावर ती तासभर भाषण देत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिने ‘आई’ निवडलं.

यादीत आता बाराच नावं उरली. चार नंबरच्या मुलीला आता धोका नाही, या विचाराने तिला गहिवरून आलं.

पर्स उचलून ती निघाली. दाराजवळ वजनकाटा होता. बिचकलेलं मूल काट्यावर एकटं राहत नाही, म्हणून घरी सोडताना आईलाच मूल कडेवर घेऊन काट्यावर उभं करत आणि तिचं एकटीचं वजन त्यातून वजा करत. सकाळी काटा तपासायला ती स्वतः त्यावर चढली होती. बरोबर अठ्ठावन्न भरली होती.

मोठ्या सिस्टर तिथेच उभ्या होत्या.

“वजन राहिलं,” त्या म्हणाल्या.

त्या थट्टा करत नव्हत्या. तिने पर्स खाली ठेवली आणि काट्यावर चढली.

बहात्तर दोनशे.

उतरली. पुन्हा चढली.

तेवढंच.

सिस्टरांनी चिटोऱ्यावर वजाबाकी केली आणि मान डोलावली.

तिची डावी बाजू भरून आली होती. मानेपाशी काहीतरी कोमट लागत होतं.

सिस्टरांनी दार उघडून धरलं.

“दुसऱ्या कडेवर घ्या,” त्या म्हणाल्या. “एका बाजूला वाकलाय तुम्ही.”